शंका-समाधान : घन इंधनाची लघु पल्ल्याची क्षेपणास्त्रे

ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून २८ आणि २९ जुलै २०२५ रोजी ‘प्रलय’ या क्षेपणास्त्राच्या लागोपाठ दोन चाचण्या झाल्या. त्या बातमीच्या निमित्ताने या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : या चाचण्या क्षेपणास्त्राचा कमाल आणि किमान पल्ला तपासण्यासाठी होत्या, असे बातमीत वाचले. कमाल पल्ल्याचे महत्त्व समजते. परंतु जे क्षेपणास्त्र ५०० किलोमीटर जाते, त्याला १५० किलोमीटरवर मारा करणे अवघड का जावे? (एक निवृत्त शिक्षिका, दादर)

उत्तर : आपण बातमीतील नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर बोट ठेवले आहे. बहुतेक वाचकांचे लक्ष मोठ्या आकड्याकडे जाते. घन इंधनाच्या क्षेपणास्त्राची खरी कसोटी मात्र पुष्कळदा लहान आकड्यापाशी लागते.

द्रव इंधनाच्या इंजिनात इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडीकारक पदार्थ वेगवेगळ्या टाक्यांत असतात आणि नळ्यांतून ज्वलनकक्षात येतात. हवा तेवढा वेग मिळाला की झडप बंद करायची. इंजिन थांबते आणि क्षेपणास्त्र मिळालेल्या वेगावर पुढे जाते. घन इंधनात ही सोय नाही. तेथे इंधन आणि ऑक्सिडीकारक एकाच रबरासारख्या लगद्यात मिसळून मोटरच्या (घन इंधनाच्या इंजिनाला मोटर म्हणतात) नळकांड्यात ओतलेले आणि घट्ट झालेले असतात. दिवाळीतला बाण एकदा पेटला की जसा मधेच विझवता येत नाही, तशीच ही मोटर पेटल्यावर साधारणपणे सगळी जळूनच थांबते. म्हणजे लक्ष्य जवळ असो वा दूर, क्षेपणास्त्राला मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते आणि जवळच्या लक्ष्यासाठी त्यातील नको असलेला भाग कोठेतरी खर्च करावा लागतो.

तो खर्च करण्याच्या युक्त्या उड्डाणमार्गाच्या आकारात दडलेल्या आहेत. क्षेपणास्त्र गरजेपेक्षा अधिक उभे चढवले तर त्याची ऊर्जा उंची गाठण्यात जाते. त्याला मधेच वळणे घ्यायला लावली तर वेग हवेच्या घर्षणात मोडतो. आणि मुळातच मार्ग बराचसा खाली, म्हणजे दाट हवेत ठेवला, तर पंखांना पकड मिळते व दिशा बदलता येते. अशा उड्डाणाला अर्ध-बॅलिस्टिक म्हणतात. फेकलेल्या दगडाप्रमाणे, म्हणजे बॅलिस्टिक क्षेपणास्त्राप्रमाणे, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या हवाली न होता ते अखेरपर्यंत थोडेफार सुकाणू हाती ठेवते. रशियाचे ‘इस्कंदर-एम’ याच पद्धतीने सुमारे ५० किलोमीटर उंचीच्या आत राहून उडते. ‘प्रलय’ही याच वर्गातले आहे. जवळच्या लक्ष्यासाठी ऊर्जा खर्च करण्याची ही कला आणि शत्रूच्या बचाव यंत्रणेला चकवण्याची कला या एकमेकींना लागून आहेत, कारण मार्ग वळवणारे पंख आणि संगणकाची आज्ञावली दोन्हींकडे तीच असते. किमान पल्ल्याची चाचणी यशस्वी झाली याचा अर्थ मार्गावरचा हा ताबा सिद्ध झाला, आणि माझ्या मते त्या दोन दिवसांतील ही अधिक मोलाची बाब आहे.

प्रश्न : इस्रोच्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि तो १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाला. मग त्यानंतर आलेले ‘पृथ्वी’ द्रव इंधनावर का बनवले गेले? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : कारण हाताशी तयार असलेले इंजिन द्रव इंधनाचे होते. हैदराबादच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात ‘प्रोजेक्ट डेव्हिल’ या नावाने एक प्रकल्प चालला होता. सोव्हिएत एस-७५ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र सुटे करून, त्याचा प्रत्येक भाग समजून घेऊन तसेच क्षेपणास्त्र येथे घडवण्याचा तो प्रयत्न होता. तो प्रकल्प पूर्णत्वास गेला नाही; परंतु त्यातून द्रव इंजिनाची विद्या मात्र मिळाली. १९८३ मध्ये डॉ. कलाम यांच्या नेतृत्वाखाली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ‘पृथ्वी’साठी ती विद्या उपयोगी पडली. शिवाय इंजिन हवे तेव्हा बंद करता येत असल्याने पल्ला नेमका राखणे त्या काळातील संगणकांना सोपे होते. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘पृथ्वी’ची पहिली चाचणी झाली. एक हजार किलोचा भार घेऊन १५० किलोमीटर जाणारे हे क्षेपणास्त्र त्या काळच्या भारतासाठी फार मोठी मजल होती, आणि आज त्याच्या मर्यादा सांगताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

एसएलव्ही-३ ची विद्याही वाया गेली नाही. २२ मे १९८९ रोजी उडालेल्या पहिल्या ‘अग्नी’चा खालचा टप्पा एसएलव्ही-३ च्या घन मोटरचा होता आणि वरचा ‘पृथ्वी’च्या द्रव इंजिनाचा. दोन घराण्यांची ती जोडणी होती.

द्रव इंधनाची अडचण प्रयोगशाळेत जाणवत नाही, ती मैदानावर जाणवते. ‘पृथ्वी’त तांबूस धूर सोडणारे तीव्र नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक म्हणून वापरले जाते. हे आम्ल धातू खाते, त्याची वाफ फुप्फुसे जाळते, आणि इंधनाशी गाठ पडताच ते ठिणगीशिवाय पेट घेते. आता युद्धाच्या काळात राजस्थानच्या वाळूतली एखादी तुकडी डोळ्यांसमोर आणा. प्रक्षेपक वाहनाबरोबर इंधनाची आणि आम्लाची वेगवेगळी वाहने हवीत, भरणाऱ्या जवानांच्या अंगावर आम्लरोधक पोशाख आणि तोंडावर मुखवटा हवा, पाण्याची सोय हवी, आणि हे सगळे आकाशातून टेहळणी करणाऱ्या शत्रूच्या नजरेखाली पार पडायला हवे. घन इंधनाचे क्षेपणास्त्र कारखान्यातूनच भरलेले येते. गाडी थांबली, क्षेपणास्त्र उभे केले, डागले आणि जागा सोडली. घन इंधनाने कष्ट कमी केले असे मात्र नाही, त्याने ते रणभूमीवरून उचलून कारखान्यात नेले.

कारगिल युद्धानंतर ही निकड स्पष्ट झाली. सुमारे ७०० किलोमीटर पल्ल्याचे, एकाच घन टप्प्याचे ‘अग्नी-१’ २५ जानेवारी २००२ रोजी प्रथम उडाले. त्यानंतर २१ जुलै २०११ रोजी चांदीपूरहून १५० किलोमीटरच्या ‘प्रहार’ची चाचणी झाली, आणि २२ व २३ डिसेंबर २०२१ रोजी ‘प्रलय’ची पहिली दोन उड्डाणे झाली.

प्रश्न : एकाच क्षेपणास्त्राच्या इतक्या आवृत्त्या का निघतात? नावे वाचून गोंधळ होतो. (मुलुंड, तसेच वसई येथील वाचक)

उत्तर : घन मोटर ही या क्षेपणास्त्रातली खर्चिक आणि वेळखाऊ वस्तू आहे. एकदा ती जमली की तिला हात न लावता पुढचे टोक, दिशादर्शन, पंख किंवा वाहन बदलणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि आवृत्त्यांची घराणी तेथूनच वाढतात.

अमेरिकेच्या ‘अटॅकम्स’ या लघु पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे उदाहरण फार बोलके आहे. १९९१ च्या आखाती युद्धात प्रथम वापरल्या गेलेल्या आवृत्तीत ९५० छोटे बॉम्ब होते आणि पल्ला १६५ किलोमीटर होता. पुढच्या आवृत्तीत बॉम्बांची संख्या ३०० वर आणली, उपग्रहाधारित दिशादर्शन दिले, आणि पल्ला ३०० किलोमीटर झाला. म्हणजे भार कमी केला, अंतर वाढले. आणि नेमकेपणा वाढल्यामुळे कमी भारही पुरेसा ठरला. या क्षेपणास्त्राची आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. ते ज्या पेटीतून डागले जाते, त्या पेटीच्या झाकणावर सहा गोल आकार काढलेले असतात, जेणेकरून दुरून पाहणाऱ्याला ती सहा साध्या रॉकेटांची नेहमीची पेटी वाटावी. आत मात्र एकच मोठे क्षेपणास्त्र असते.

इराणचे घराणे दुसऱ्या टोकाने वाढले. त्यांच्याकडे ‘झेलझाल-२’ हे मार्गदर्शन नसलेले, सुमारे २०० किलोमीटर जाणारे जड रॉकेट होते. ते दूर जाई, परंतु पडे भलतीकडेच. त्याला दिशादर्शन यंत्रणा आणि हलणारे पंख बसवून ‘फतेह-११०’ तयार झाले, ज्याची चाचणी २००२ मध्ये झाली. त्याच सांगाड्यावर जहाज शोधणारे टोक बसवल्यावर ‘खलीज फार्स’ झाले. नंतर २०१५ मध्ये ५०० किलोमीटरचे ‘फतेह-३१३’, २०१६ मध्ये ७०० किलोमीटरचे ‘झोल्फगार’ आणि २०१९ मध्ये १००० किलोमीटरचे ‘देझफुल’ जगासमोर आले. मुळातल्या एका तोफखान्याच्या रॉकेटापासून सतरा-अठरा वर्षांत एवढा विस्तार झाला.

काही आवृत्त्या मात्र विज्ञानामुळे नव्हे, करारांमुळे जन्मतात. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत ५०० किलोचा भार ३०० किलोमीटरपलीकडे नेणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या विक्रीवर कडक बंधने आहेत. म्हणून रशिया स्वतःसाठी ५०० किलोमीटरचे ‘इस्कंदर-एम’ ठेवतो आणि परदेशांना विकण्यासाठी २८० किलोमीटरचे ‘इस्कंदर-ई’ देतो. भारतही ‘प्रहार’ची ‘प्रगती’ ही निर्यातीची आवृत्ती २०१३ मध्ये सेऊलच्या प्रदर्शनात घेऊन गेला होता.

प्रश्न : या क्षेत्रात मुंबईचा आणि महाराष्ट्राचा काही वाटा आहे का? आणि घन मोटर बनवण्याच्या कामाची पद्धत कशी असते? (एका कारखान्यातील पर्यवेक्षक, विक्रोळी)

उत्तर : भरपूर आहे, आणि तो कारखान्यातील माणसाने अभिमानाने सांगावा असा आहे. पुण्यात पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन संस्था आणि उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा यांनी ‘पिनाक’ या रॉकेट प्रणालीचे रॉकेट आणि त्यातील घन इंधन विकसित केले. १९९९ मध्ये कारगिलमध्ये वापरलेले ‘पिनाक’ ४४ सेकंदांत १२ रॉकेटे सोडते. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता. आता त्याची मार्गदर्शित आवृत्ती ७५ किलोमीटरपर्यंत नेम साधते, म्हणजे साध्या रॉकेटाचे क्षेपणास्त्राकडे जाणे आपल्याकडेही घडले आहे. या इंधनाला बांधून ठेवणारे एचटीपीबी हे रबरासारखे बहुवारिक (पॉलिमर) मुंबईच्या ‘नोसिल’ या रसायन कंपनीने इस्रोच्या तंत्रज्ञानावर तयार केले. पवईच्या लार्सन अँड टुब्रोने आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीजने इस्रोच्या अग्निबाणांसाठी घन मोटरची कवचे बनवली.

आपल्याला कामाची पद्धत जाणून घ्यायची होती, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि हे रबरी बंधक एकत्र मळून तयार केलेला दाट लगदा निर्वातात कवचात ओततात, कारण त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर तेथे पोकळी तयार होते. मधोमध एक साचा उभा ठेवलेला असतो. लगदा उबेत कित्येक दिवस ठेवून पक्का झाला की तो साचा बाहेर काढतात आणि इंधनाच्या पोटात, पुष्कळदा ताऱ्याच्या आकाराचा, बोगदा राहतो. ज्वलन या बोगद्याच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने सरकते, त्यामुळे बोगद्याचा आकार हाच मोटरच्या जोराचा आलेख असतो. नंतर संपूर्ण मोटरची क्ष-किरणांनी तपासणी होते. केसाएवढी भेग राहिली तरी ज्वाळेला अधिक पृष्ठभाग मिळतो, आतील दाब अपेक्षेबाहेर चढतो आणि कवच फुटू शकते. ओतकाम करणारा कारागीर, तापमानाची नोंद ठेवणारा कामगार आणि क्ष-किरणांची फिल्म वाचणारा तंत्रज्ञ या तिघांवर दहा-पंधरा वर्षांनी ते क्षेपणास्त्र डागणाऱ्या जवानाचा जीव अवलंबून असतो.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची अधिक भीती वाटते. लघु पल्ल्याची त्यामानाने कमी धोक्याची मानावीत का? (गिरगाव)

उत्तर : तसे मानू नये. ५०० किलोमीटरवरचे लक्ष्य अशा क्षेपणास्त्राच्या माऱ्यात पाच-सहा मिनिटांत येते. कराचीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरालाही हिशेब मिनिटांतच राहतो. निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळ जवळपास नसतो. युरोपने हे ओळखले म्हणून ८ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी ५०० ते ५५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागली जाणारी क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. तो करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपुष्टात आला.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टोकात साधे स्फोटक आहे की अणुबॉम्ब, हे रडारला सांगता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या ‘नस्र’ची चाचणी करताना ते अण्वस्त्र वाहू शकते असे जाहीरच केले. अशा शेजारात पारंपरिक स्फोटकांची क्षेपणास्त्रे अण्वस्त्रांच्या क्षेपणास्त्रांपासून वेगळ्या तुकड्यांत, वेगळ्या तळांवर आणि वेगळ्या आज्ञासाखळीखाली ठेवणे अत्यावश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे.

एक दिलासा मात्र नोंदवण्याजोगा आहे. ३ ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना एकमेकांना किमान तीन दिवस आधी देतात. प्रक्षेपणाची जागा सीमेपासून ४० किलोमीटरच्या आत नसावी आणि क्षेपणास्त्र सीमेपासून ७० किलोमीटरच्या आत पडू नये, असेही त्यात ठरले आहे. विमानासारखी इंजिनाच्या जोरावर हवेतून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रे या करारात येत नाहीत, आणि ती त्यात आणण्याचा आग्रह दोन्ही देशांतील जाणत्या नागरिकांनी धरायला हवा.