बेसबॉलमध्ये शेवटची एकच इनिंग टाकणारा मारियानो रिवेरा एवढा महान का मानला जातो?

तुम्ही विचारलंय की सामना संपत आल्यावर येऊन जेमतेम पंधरा-वीस बॉल टाकणाऱ्या माणसाला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत जायला, पत्रकारांची शंभर टक्के मतं मिळतात कशी, आणि सुरुवातीपासून घाम गाळणाऱ्या पिचरनी, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांनी, मग काय पाप केलंय? शंका अगदी रास्त आहे. मी न्यू जर्सीत राहतो, रिवेराला जवळजवळ पंधरा वर्षं टीव्हीवर आणि काही वेळा स्टेडियममध्ये बघितलं. सुरुवातीला माझ्याही मनात हेच यायचं.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक टीमला नऊ छोट्या इनिंग मिळतात, तीन जण आउट झाले की एक संपते. १९ सीझनमध्ये रिवेराने टाकलेल्या इनिंग भरतात १,२८३. वर्षाला दोनशे इनिंग टाकणारा दमदार स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, हा आकडा सहा-सात वर्षांत पार करतो. शिवाय स्टार्टर म्हणून तो चाललाच नव्हता. २३ मे १९९५ ला न्यूयॉर्क यांकीजकडून त्याचा पहिला सामना झाला, कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध. चौथी इनिंगही पुरी झाली नाही, पाच रन गेले आणि यांकीज १०-० ने हरले. त्या वर्षी दहा सामन्यांत सुरुवातीपासून टाकायला दिलं तरी जम बसला नाही. रिलीफ पिचर (स्टार्टरनंतर येणारा) म्हणजे स्टार्टर म्हणून न जमलेला माणूस असं बेसबॉलमध्ये सर्रास म्हणतात. त्याच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे.

मग २२ जानेवारी २०१९ ला ४२५ पैकी ४२५ मतं कशी पडली? बेब रूथ, विली मेज, हँक आरन यांच्यापैकी कुणालाही सगळ्यांची मतं मिळाली नव्हती. माझं उत्तर थोडं आडवळणाचं आहे. रिवेरा ज्या रात्री हरला त्या रात्री बघा. ६५२ सेव्हचा विक्रम नंतर बघितला तरी चालेल.

सेव्ह म्हणजे काय ते पटकन सांगतो. टीम पुढे आहे, आघाडी फार तर तीन रनची, आणि शेवटची इनिंग टाकून सामना हातात ठेवायचा. हे काम ज्याच्याकडे असतं तो क्लोजर. शेवटच्या षटकात सहा रन वाचवायला आलेला बोलर डोळ्यासमोर आणा. आता तोच माणूस १६२ सामन्यांच्या सीझनमध्ये साठ-सत्तर वेळा हेच करतोय, कधी लागोपाठ तीन रात्री. स्टार्टरने पहिल्या इनिंगमध्ये दोन रन दिले तर भरून काढायला टीमकडे आठ इनिंग असतात. क्लोजरच्या मागे कुणी नसतं. आधीच्या दोघा-तिघा पिचरची तीन तासांची मेहनत त्याच्या हातात असते, आणि ती वाया गेली की ती त्यानेच घालवली हे स्टेडियममधल्या लहान पोरालाही कळतं.

हा माणूस आला कुठून, ते सांगायला मला जास्त आवडतं. जन्म १९६९ चा, पनामातला. पनामा सिटीच्या पश्चिमेला, पॅसिफिकच्या काठावर पुएर्तो कायमितो नावाचं मासेमारीचं गाव आहे, तिथे तो वाढला. वडील मासेमारी बोटीचे कप्तान. पोरं ओहोटीला मोकळ्या पडलेल्या किनाऱ्यावर खेळायची. दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ग्लोव्ह, झाडाच्या फांदीची बॅट, आणि फाटक्या जाळ्याचे तुकडे चिकटपट्टीने गुंडाळून केलेला बॉल. शाळा नववीच्या आसपास सुटली आणि तो वडिलांच्या बोटीवर लागला. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा-बारा तास. मासळी म्हणजे मुख्यतः तारलीसारखी बारीक, जी दळून फिशमील करायला जाते. माझं आजोळ हर्णैचं. बोटीवरून उतरलेल्या माणसाचे हात कसे दिसतात ते मी लहानपणी बघितलंय, त्यामुळे हा भाग वाचताना मी दर वेळी थांबतो. एकोणीस वर्षांचा असताना त्यांची बोट उलटली, जीव वाचवून सगळे निसटले. त्यानंतर समुद्रावर जायचंच नाही असं त्याच्या मनाने घेतलं. मेकॅनिक व्हायचा विचार होता.

पिचर व्हायचं तर स्वप्नातही नव्हतं. पनामा ओएस्ते या हौशी टीममध्ये तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, म्हणून खेळायचा, गरज पडेल तिथे कुठेही उभा राहायचा. यांकीजच्या हर्ब रेबर्न या स्काउटने (नवे खेळाडू शोधणाऱ्याने) त्याला शॉर्टस्टॉप म्हणून आधीच बघून सोडून दिलं होतं. मग एका सामन्यात टीमच्या पिचरला मार बसायला लागला आणि रिवेरा म्हणाला, मी टाकून बघतो. त्याने इतकं छान टाकलं की टीममधल्या दोघांनी परस्पर यांकीजच्या चिको हेरॉन या स्काउटला कळवलं. रेबर्न पुन्हा बघायला आला. वेग फार नव्हता, ताशी १३५-१४० किलोमीटर. पण अंगाला कुठे झटका नाही, ताण नाही, बॉल सहज हातातून सुटतोय. १७ फेब्रुवारी १९९० ला तीन हजार डॉलरपेक्षाही कमी रकमेवर करार झाला. विसाव्या वर्षी, पिचिंगचं कसलंही शिक्षण नसताना, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना पोरगा विमानात बसला. पहिल्याच वर्षी सगळ्यात खालच्या लीगमध्ये ५२ इनिंगमध्ये त्याच्यावर एकच रन लागला (फिल्डरच्या चुकीने गेलेले रन पिचरवर लावत नाहीत).

पुढचं थोडक्यात. १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी मार्लिन्स आणि रॉकीज या दोन नव्या टीमसाठी खेळाडू निवडायचे होते, यांकीजने त्याचं नाव राखून ठेवलं नाही, तरीही त्याला कुणी उचललं नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, असताना अचानक त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या वर गेला. त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकायची बोलणी सुरू होती, ती यांकीजचे जनरल मॅनेजर जीन मायकल यांनी थांबवली. १९९६ मध्ये जॉन वेटलँड क्लोजर होता. रिवेरा त्याच्या आधी सातवी-आठवी इनिंग टाकायचा, त्याने १०७ इनिंगमध्ये १३० जणांना स्ट्राइक आउट केलं, म्हणजे बॉल मारूच न देता बाद केलं, आणि यांकीज वर्ल्ड सीरिज, म्हणजे सीझनची अंतिम मालिका, जिंकले. पुढच्या वर्षी वेटलँड गेला आणि क्लोजरची जागा याला मिळाली.

आता कटर, म्हणजे त्याचा खास बॉल. जून १९९७, रिवेरा आणि त्याचा पनामाचाच सहकारी रामिरो मेंडोसा सामन्याआधी नेहमीसारखे एकमेकांकडे बॉल फेकत होते. रिवेराचा बॉल शेवटच्या क्षणी बाजूला सरकायला लागला. मेंडोसाला वाटलं, हा मुद्दाम करतोय. हा म्हणतोय, मी काहीच करत नाहीये! पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर आणि त्याने मिळून काही आठवडे तो बॉल सरळ करायचा प्रयत्न केला. झाला नाही, तेव्हा दोघांनी नाद सोडला. रिवेरा आजही म्हणतो की ती देवाची देणगी होती.

मी इथल्या वीकेंड लीगमध्ये मध्यमगती टाकतो, म्हणून घरात एक बेसबॉल आणून ती पकड करून बघितली. सरळ जाणाऱ्या फास्टबॉलसारखीच पकड आहे, दोन बोटं शिवणीवर आडवी, फक्त दाब मधल्या बोटाचा. आपल्या भाषेत तो लेगकटर. फरक एवढाच की याला टप्पा नाही, जे काही वळायचं ते हवेतच, आणि तेही बॅट खाली येत असताना. डावखुऱ्या बॅटरच्या तो थेट मुठीत घुसतो, म्हणजे बॉल बॅटच्या जाड भागाऐवजी बारीक दांड्यावर लागतो. एरवी उजव्या हाताचा पिचर दिसला की डावखुरे खूश असतात. रिवेरासमोर हिशोब उलटा व्हायचा. १९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये रायन क्लेस्कोच्या एकाच पाळीत तीन बॅट मोडल्या.

२००८ मध्ये जुनं यांकी स्टेडियम पाडण्याआधी मी ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर गेलो होतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवव्या इनिंगला बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर जिथे तयारी करतात त्या जागेचं, दार उघडलं, स्पीकरवर हेवी मेटल सुरू झालं, लोक उभे राहिले, आणि त्या सगळ्या गोंगाटातून तो मान खाली घालून, सकाळी फेरी मारायला निघाल्यासारखा हळूहळू धावत आला. मला जवळून दिसलं असं काहीच नाही, पण आवाज आठवतो. बॅटला बॉल नीट लागला की खणखणीत 'टॉक' येतं. त्या रात्री वाळकी फांदी मोडल्यासारखं 'कडाक्' आलं, अर्धी बॅट गवतावर पडली आणि बॉल लोळत रिवेराच्याच हातात गेला. काय येणार आहे ते बॅटरला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता हरलेल्या रात्री. १९९७, क्लोजर म्हणून पहिलंच वर्ष. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, क्लीव्हलँडविरुद्ध यांकीज आठव्या इनिंगमध्ये पुढे होते, आणि सँडी अलोमारने त्याला होम रन मारला. तो सामना गेला, दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली. नव्या क्लोजरचं मन मोडायला एवढं पुष्कळ असतं. त्यानंतर त्याने प्लेऑफमधले लागोपाठ २३ सेव्ह पुरे केले, आणि १९९८, १९९९, २००० अशा तीन वर्ल्ड सीरिज यांकीजने सलग जिंकल्या.

मग ४ नोव्हेंबर २००१. अ‍ॅरिझोनात वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, शेवटच्या इनिंगमध्ये यांकीज २-१ ने पुढे, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला दोन महिनेही झालेले नाहीत. समोरच्या टीमच्या मार्क ग्रेसने बॉल मारून पहिला बेस गाठला. पुढच्या बॅटरने बॉल हलकेच समोर ढकलला, रिवेराने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला तो भलतीकडेच गेला. टोनी वोमॅकच्या डबलने, म्हणजे दोन बेसच्या फटक्याने, बरोबरी. सगळे बेस भरले, एक रन गेला की संपलं, म्हणून यांकीजने आतले फिल्डर पुढे ओढले. समोर डावखुरा लुईस गोन्झालेस. रिवेराने कटर टाकला आणि तो जसा जायला हवा तसाच मुठीत गेला. बॉल दांड्यावर लागून केविलवाणा वर उडाला आणि पुढे आलेल्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून जेमतेम गवतावर पडला. फिल्डर नेहमीच्या जागी असते तर तो सोपा झेल होता. एवढ्यावर वर्ल्ड सीरिज गेली.

त्या हरण्याला पुढे एक वेगळाच अर्थ आला. यांकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती. टीममधला एनरिके विल्सन मिरवणुकीनंतर डॉमिनिकन रिपब्लिकला घरी जायचा होता. मिरवणूकच नाही म्हटल्यावर तो तिकीट बदलून आधीच निघून गेला. त्याचं मूळ तिकीट ज्या विमानाचं होतं ते १२ नोव्हेंबरला क्वीन्समध्ये कोसळलं, आतले २६० जण गेले. आपण हरलो ते बरंच झालं, मित्र तरी राहिला, असं रिवेरा नंतर म्हणाला. आणि ते त्याने तोंडदेखलं म्हटलेलं नाही असं मला ठामपणे वाटतं.

२००४ तर आणखी अवघड. पनामातल्या त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून बायकोच्या नात्यातले दोघं गेले. अंत्यविधीला जाऊन तो बॉस्टनविरुद्धच्या मालिकेच्या पहिल्या सामन्याला त्याच संध्याकाळी परत आला आणि सेव्ह मिळवला. मालिकेत यांकीजची आघाडी ३-० झाली. चौथ्या सामन्यात शेवटच्या इनिंगला एका रनची आघाडी त्याच्या हातून गेली, पाचव्यातही आघाडी टिकली नाही, आणि बॉस्टनने लागोपाठ चार सामने जिंकून घेतले. बेसबॉलमध्ये ०-३ वरून असं याआधी कुणीच केलं नव्हतं. पुढच्या एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये खेळाडूंची नावं पुकारताना रिवेराचं नाव आलं, तेव्हा तिथल्या लोकांनी उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. अर्थात खिजवायला. तो मोकळेपणाने हसला आणि टोपी उचलून त्यांना दाद दिली. चिडकं हसू नव्हे ते, मी टीव्हीवर बघितलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या हसण्यात दिसतं. ताकद बऱ्याच जणांकडे असते. काल सगळ्यांसमोर सामना घालवून आज रात्री पुन्हा तोच बॉल हातात घ्यायचा, तोच कटर टाकायचा, हे क्लोजरचं खरं काम. बहुतेक क्लोजर चार-पाच वर्षांत विझतात, रिवेरा सतरा सीझन त्या जागेवर राहिला. प्लेऑफमध्ये त्याने १४१ इनिंग टाकल्या आणि त्यात त्याच्या नावावर लागलेले रन फक्त ११.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ च्या ऑल-स्टार सामन्यात टोरंटोच्या रॉय हॅलडेने त्याला कटरची पकड विचारली. त्याने दाखवली, आणि हॅलडेने बॉलवर पेनाने बोटांच्या खुणा करून ठेवल्या. प्रतिस्पर्ध्याला शिकवलं म्हणून यांकीजच्या खेळाडूंनी आपापसात रिवेराला दंड ठोकला!

२०१२ च्या मेमध्ये, वय ४२, सराव चालू असताना उंच झेल पकडायला धावला आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटला. संपलं असंच आम्हाला वाटलं. तो म्हणाला मी परत येणार, आणि २०१३ मध्ये येऊन ४४ सेव्ह केले. त्या वर्षी प्रत्येक शहरात तो तिकीट विकणारे, स्वयंपाकी, मैदान सांभाळणारे अशा लोकांना मुद्दाम भेटत गेला. मिनेसोटाच्या टीमने मोडक्या बॅटची एक डुलती खुर्ची करून त्याला भेट दिली.

२६ सप्टेंबर २०१३ ला यांकी स्टेडियममधला त्याचा शेवटचा सामना. यांकीज ४-० ने मागे होते, म्हणजे वाचवायला काहीच नव्हतं. चार बॅटर आले, चारही आउट. मग मॅनेजरऐवजी टीममधले जुने सहकारी अँडी पेटिट आणि जीटर त्याला न्यायला आले, आणि तो पेटिटच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ रडला. सामना संपल्यावर सगळे आत गेले, तेव्हा तो एकटाच परत पिचरच्या उंचवट्यावर आला, खाली वाकला आणि तिथली मूठभर माती उचलून घेऊन गेला.