वाचकांचे प्रश्न : भाऊ सख्खे, आडनावं निराळी

प्रश्न : १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शेती थाटलेल्या एका नॉर्वेजियन कुटुंबाची वंशावळ जुळवत आहे. तीन सख्ख्या भावांपैकी एक ओल्सन, दुसरा हौगेन, तर तिसरा कधी हे, कधी ते नाव लावतो. नोंदणाऱ्यांची चूक समजायची का?

उत्तर : चूक नाही, तिघांचीही नावं खरी आहेत. त्या काळी नॉर्वेच्या खेड्यांत पिढीजात आडनाव नसायचंच. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि राहत्या शेताचं नाव, एवढ्यावर ओळख पटे. ओलेचा मुलगा अँडर्स हौगेन शेतावर राहत असेल, तर तो अँडर्स ओल्सेन हौगेन. त्याचा मुलगा अँडर्सेन, मुलगी अँडर्सदत्तेर. लग्नानंतरही ती अँडर्सदत्तेरच राहते. शेताचं नाव हा निव्वळ पत्ता. बिऱ्हाड हललं की तोही बदलतो, घरजावई सासऱ्याच्या शेताचं नाव लावतो. शेताच्या नावाला ‘एइए’ जोडलेलं दिसलं तर ते घर मालकाचं नव्हे, त्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाचं. कायमचं आडनाव नॉर्वेत सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. अमेरिकेत गेलेल्यांना त्याआधीच एक काहीतरी निवडावं लागलं आणि प्रत्येक भावाने आपापलं निवडलं.

म्हणून ‘हौगेन’ शोधत बसू नका. हौगेन म्हणजे टेकाड, आणि त्या नावाची शेतं नॉर्वेभर पसरली आहेत. सुरुवात अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या वहीपासून करा. सरकारी कागदांत जन्मस्थळ नुसतं ‘नॉर्वे’ असतं. पाद्री मात्र बरेचदा मूळ परगणा (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) आणि जन्मतारीख लिहून ठेवत. ती हाती आली की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किवे’ या मोफत संकेतस्थळावर त्या परगण्याची बाप्तिस्म्याची वही उघडा, मग १८६५ ची जनगणना. तीत माणसांबरोबर गाईगुरं आणि पेरलेलं बियाणंही नोंदलेलं आहे, घरची परिस्थिती तिथे उघड दिसते.

एक ताळा जरूर करा. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं नाव देत, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर पहिलं दगावलं असण्याची शक्यता मोठी (दोघं जिवंत असल्याचीही उदाहरणं आहेत, तेव्हा मृत्यूची नोंद पाहा). विधुराने पुन्हा लग्न केलं की नव्या संसारातल्या पहिल्या मुलीला अनेकदा वारलेल्या बायकोचं नाव मिळे. आईचा पत्ता लागत नसेल तर हा धागा उपयोगी पडतो.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या प्रवासी याद्यांत १८६० च्या दशकातलं हे कुटुंब सापडत नाही.

उत्तर : कॅनडातलं क्वेबेक बंदर पाहा. १८५० आणि ६० च्या दशकांत नॉर्वेची बहुतेक शिडाची जहाजं तिथेच लागत. पुढचा प्रवास सरोवरांतून आणि रेल्वेने. निघतानाची नोंद हवी असेल तर परगण्याच्या वहीतली ‘बाहेर गेलेले’ ही यादी चाळा. क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, पोलिसांची देशांतर नोंदवही १८६७ पासून मिळते.

प्रश्न : सरकारी जमिनीची सनद मिळाली. तिच्यात नाव आणि सर्व्हे नंबर यापलीकडे काहीच नाही.

उत्तर : सनद हा शेवटचा कागद. खरा ऐवज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलीत आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण पाच वर्षं तिथे राहून, कसून दाखवावी लागे. त्याच्या पुराव्यात घराची लांबी-रुंदी, नांगरलेले एकर, कुंपण, विहीर आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी असतात. परदेशात जन्मलेल्यांच्या फायलीत नागरिकत्वाच्या कागदांची नक्कलही असते. साक्षीदारांची नावं वेगळी लिहून घ्या, ते पुष्कळदा त्याच परगण्यातले किंवा नात्यातले निघतात. फाईल मागवताना सनदेवरचा क्रमांक, भूमी कार्यालयाचं नाव आणि जमिनीचं पूर्ण वर्णन द्या. जमीन मध्येच सोडून गेलेल्यांना सनद मिळालीच नाही, त्यामुळे ते सनदांच्या सूचीत नसतात. त्यांच्यासाठी भूखंडवार नोंदवह्या तपासाव्या लागतात.