भासाच्या वादात उतरण्यापूर्वी
तेरा संस्कृत नाटके प्राचीन नाटककार भासाची आहेत की नाहीत, या वादात आपण नव्यानेच उतरत आहात, तेव्हा पक्ष निवडण्याची घाई करू नये. टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या या तेरा नाटकांच्या ‘स्थापने’त, म्हणजे प्रस्तावनेत, कर्त्याचे नावच येत नाही, ती भासाची मानली गेली ती मुख्यतः परस्परांतील साम्यावरून आणि ‘स्वप्नवासवदत्त’ भासाचे असल्याच्या प्राचीन कवी राजशेखराच्या उल्लेखावरून. मात्र ‘नाट्यदर्पण’ या नाट्यशास्त्रावरील जुन्या ग्रंथाने याच नाटकातला म्हणून उद्धृत केलेला ‘पादाक्रान्तानि पुष्पाणि’ हा श्लोक छापील संहितेत शोधून पाहावा; तो तेथे सापडत नाही. पां. वा. काणे यांनी भासकर्तृत्वावर शंका घेतली, ती उगीच नव्हे. नांदीनंतर सूत्रधार प्रवेशतो, हा भासकर्तृत्वाचा पुरावा तर मला लंगडाच वाटतो, कारण पल्लव राजा महेंद्रवर्म्याचे ‘मत्तविलास’ हे प्रहसनही तसेच सुरू होते. तेराही नाटकांचा निवाडा एकगठ्ठा करू नये. प्रत्येकाची संहिता स्वतंत्रपणे तपासावी.