साध्या कॉलेजची डिग्री आहे, जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी करायला एजंटमार्फत जावं का?

एजंटला एक रुपया देऊ नका. ‘घरचे दोन एकर विकायला तयार आहेत’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंत, ते वाचून राहवलं नाही.

मी दारव्हा तालुक्यातला. डिग्री अमरावती विद्यापीठाची, तीही एटीकेट्या काढत मिळवलेली. २०१९ मध्ये जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलं होतं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओट्यावर बसून म्हणाले, "तुह्या डिगरीले तिकडं कोन पुसते? दोन एकर काढ, नागपूरच्या एजंटाले चार लाख दे, थो सगळं पाह्यते." त्यांच्या न् आमच्या वावरात एकच धुरा, म्हणजे बांध, आहे, हे इथं सांगून ठेवतो.

डिग्री अडली नाही, नाव अडलं. मार्कशीटवर बाबा ‘विठ्ठलराव’, पासपोर्टवर नुसते ‘विठ्ठल’. शिवाय डिग्रीचा मूळ कागद मी कधी उचललाच नव्हता. पुण्यात चार वर्षं प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर निघाली. मग नेरमार्गे एसटीनं अमरावतीच्या तीन चकरा. तिसऱ्या खेपेला बाबा सोबत आले, पिशवीत सातबारा घेऊन. खिडकीत वाकून म्हणाले, "मॅडम, विठ्ठलबी मीच अन् विठ्ठलरावबी मीच. सातबाऱ्यावर पाहून घ्या." मॅडमनी सातबारा खरंच वाचला, हसल्या, आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. ते तहसीलसमोर टाइप करून घेतलं. एसटी, फी, स्टॅम्प पेपर धरून दोन हजारही लागले नाहीत. व्हिसाची फी ७५ युरो, ती वेगळी.

एजंटनं यातलं काय केलं असतं? खिडकीत वाकला असता?

तुमचं काम एवढंच: अनाबिन नावाच्या जर्मन साइटवर आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे तिकडे मान्यता असलेलं) आहे का ते बघा, तुमची डिग्रीही शोधा. नोकरी आधी, व्हिसा मागून. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या लोकांना नोकरीवर मिळणारा तिकडचा राहण्या-कामाचा परवाना; आयटीवाल्यांसाठी त्याची पगाराची अट २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, दरवर्षी बदलते. ब्लू कार्डावर असताना जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत केलीत तर २१ महिन्यांत तिकडे कायम राहण्याचा परवाना मागता येतो, ए-१ या पहिल्या पातळीवर २७ महिन्यांत.

हां, मला चार वर्षांचा अनुभव होता. तुम्ही फ्रेशर असाल तर इथून थेट नोकरी मिळणं फार कठीण, आधी पुणं-हैदराबाद करा. आणि सगळेच एजंट चोर असतात असंही नाही. फॉर्म भरायची भीती वाटत असेल तर थोडे पैसे देऊन भरून घ्या. पण वावर विकून नाही.

आमच्या त्या दोन एकरांत यंदा तूर आहे. मोठे बाबा धुऱ्यावरून जाताना बाबांना अजून विचारतात, "इकतं का मंग?"