हवा काढली की कडक होणारं प्लास्टर आणि तुझं करिअर

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रोजेक्टसाठी हाताच्या फ्रॅक्चरला बांधायचं एक वेगळं प्लास्टर घेतलं आहे. हवाबंद आवरणात थर्माकोलचे बारीक मणी भरलेत. ते हाताभोवती गुंडाळून पंपाने हवा काढली की कडक होतं, व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा मऊ. गाइड म्हणतात, यात नवीन काही नाही. आई-बाबा म्हणतात, त्यापेक्षा नोकरीच्या तयारीला लाग. मला याच क्षेत्रात काम करायचंय. बायोमेडिकलला वळू, की स्टार्टअप काढू?

उत्तर : तुझ्या गाइडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हवा काढून कडक होणारे स्प्लिंट (मोडलेल्या हाडाला बांधायचे तात्पुरते आधार) आणि अख्ख्या शरीराला आधार देणाऱ्या गाद्या रुग्णवाहिकांमध्ये वापरल्या जातात. २०१० मध्ये शिकागो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी आयरोबोट कंपनीबरोबर याच तत्त्वावर यंत्रमानवाचा पंजा केला, तोही फुग्यात दळलेली कॉफी भरून. पण रुग्णवाहिकेतला स्प्लिंट दवाखान्यात पोचेपर्यंत टिकला की काम झालं. प्लास्टर कित्येक आठवडे हातावर राहतं. त्या आठवड्यांत तुमच्या आवरणाचं काय होतं, हा तुमचा खरा प्रोजेक्ट आहे, आणि तुझ्या करिअरचा प्रश्नही त्यातूनच सुटेल असं मला वाटतं.

आधी हे समजून घे की पंप कितीही भारी आणलात तरी फरक मर्यादितच पडणार. मण्यांना एकमेकांवर दाबून धरते ती बाहेरची हवा, आणि तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो एवढाच असतो. त्यामुळे ताकद वाढवायची तर मण्यांचा आकार, थराची जाडी, मण्यांऐवजी एकावर एक पातळ पत्रे, असे मार्ग शोधावे लागतील. दुसरी गोष्ट गळतीची. सुईएवढं भोक पडलं तरी सगळा कडकपणा जातो, आणि तो रात्री झोपेत गेला तर रुग्णाला कळणारही नाही. आवरणाचे वेगवेगळे कप्पे करून पाहिलेत का? एक गळला तरी बाकीचे आधार धरून राहतील. प्रेशर गेज लावून ते तसंच ठेवा, रोज नोंद करा, आणि सोबत खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर आकडे फसवतील.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुजेची. फ्रॅक्चरनंतरचे पहिले दोन-तीन दिवस हात सुजतो. हवा काढताना तुमचं आवरण आकसतं, म्हणजे हात फुगतोय आणि वेष्टण आवळतंय. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत कायमची इजा होऊ शकते. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. म्हणूनच सुरुवातीला बऱ्याचदा गोल प्लास्टर न घालता एका बाजूचा स्लॅब, म्हणजे हाताला पूर्ण न वेढणारं प्लास्टर, देतात. तुमचं वेष्टण सैल करून पुन्हा बसवता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण सैल करताना हाड सरकणार नाही, हे कोण बघणार? याचं उत्तर शोधा. फोमचा कृत्रिम हात करा, आत फुगवता येणारी पिशवी ठेवा, पृष्ठभागावर पातळ प्रेशर सेन्सर चिकटवा आणि सूज हळूहळू वाढवत न्या. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी मिळेपर्यंत हे वेष्टण कोणाच्याही हातावर बांधू नका, मित्राच्याही नाही.

आता बायोमेडिकलबद्दल. शाखा बदलायची घाई करू नकोस. या उपकरणांच्या कंपन्यांना मेकॅनिकलची माणसं लागतातच, विशेषतः टेस्टिंग आणि क्वालिटीमध्ये. हे चाचणीचं काम करताना तुला जेवायचं भान राहिलं नाही, तर बायोमेकॅनिक्स किंवा मेडिकल डिव्हाइस डिझाइनमध्ये मास्टर्स कर. कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. दरम्यान आयएसओ १४९७१ हे जोखीम-व्यवस्थापनाचं मानक समजून घे आणि आपल्या प्लास्टरला लावून बघ : काय बिघडू शकतं, किती गंभीर, आपण काय केलं. मुलाखतीत असा तक्ता आणि गळतीचा आलेख पुढे ठेवणारा उमेदवार मला चमकदार मॉडेल दाखवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरवशाचा वाटतो.

स्टार्टअप आत्ता नको. रुग्णांवरच्या चाचण्या आणि सरकारी मान्यता यांत वर्षं आणि पैसा दोन्ही जातात. मात्र कप्प्यांची किंवा व्हॉल्व्हची काही नवी कल्पना सुचली असेल, तर स्पर्धेत मांडण्याआधी कॉलेजच्या पेटंट कक्षात विचार. एकदा जाहीर झालेल्या गोष्टीला बऱ्याच देशांत पेटंट मिळत नाही.

आई-बाबांची काळजी मला रास्त वाटते. त्यांना तारीख दे : या सत्राअखेर चाचण्या संपतील, आणि तोवर नोकरीच्या तयारीचे रोजचे ठरलेले तास मोडणार नाहीत. तुझ्या विषयातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती शोधून त्यांच्यासोबत बसून वाच.

आणि या आठवड्यात एक कर. परवानगी काढून अस्थिरोग विभागाच्या प्लास्टर रूममध्ये जा आणि तिथल्या टेक्निशियनचे हात बघ. ओलं प्लास्टर ते तळव्याने दाबून बसवतात, बोटांनी नाही. बोटाचा खळगा राहिला तर तिथेच कातडीला जखम होते. तुमच्या मण्यांच्या आवरणात असा खळगा कुठे पडतो, ते त्यांनाच विचार.