लाव्हाच्या वाटेवरचे गाव

प्रश्न : हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर पितों सँत-रोझ नावाचे समुद्रकाठचे एक छोटे गाव आहे. १९७७ मध्ये तेथे लाव्हा शिरला आणि चर्चच्या दारात येऊन थांबला, असे वाचनात आले. हे खरे आहे का? खरे असेल, तर लोक अजून तेथे का राहतात?

उत्तर : होय, ही घटना खरी आहे. रियुनियन हा फ्रान्सचा सागरापारचा प्रांत असून त्याच्या आग्नेय भागात पितों द ला फुर्नेझ हा सुमारे २,६३० मीटर उंचीचा, अतिशय जागृत ज्वालामुखी उभा आहे. त्याचे बहुतेक उद्रेक घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका विशाल खळग्यात होतात. खळग्याच्या तीन बाजूंना उंच कडे आहेत आणि समुद्राकडची बाजू तेवढी मोकळी आहे, त्यामुळे लाव्हा ग्रां ब्रुले या निर्मनुष्य उतारावरून समुद्राच्याच दिशेने जातो. एप्रिल १९७७ मध्ये मात्र भेगा खळग्याच्या बाहेर, गावाच्या वरच्या अंगाला पडल्या. लोकांना वेळीच हलवण्यात आल्याने प्राणहानी झाली नाही. घरे मात्र गेली, किनाऱ्याचा मुख्य रस्ता गाडला गेला आणि लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला. चर्चला त्याने वेढा घातला, तो दारातून किंचित आत आला आणि तेथेच थिजला. पुढे लाव्हा हटवून चर्च पुन्हा उपासनेसाठी खुले झाले आणि आज ते नोत्र-दाम दे लाव्ह या नावाने ओळखले जाते.

भाविकांनी याला चमत्कार मानले, आणि ज्यांनी आपल्या आळीतील घरे डोळ्यांदेखत जाताना पाहिली, त्यांच्या या भावनेचा आदरच केला पाहिजे. भूशास्त्र इतकेच सांगते की वाहत्या लाव्हाची पुढची कड थंड होऊन घट्ट होत जाते आणि मागून येणारा पुरवठा आटला की प्रवाह जेथे असेल तेथे थांबतो. या दोन्ही गोष्टी एकाच गावात सुखाने नांदतात, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो अधिक महत्त्वाचा आहे. अशा गावांविषयी लिहिताना ‘मृत्यूच्या छायेत जगणारी माणसे’ अशी भाषा सर्रास वापरली जाते. ती येथे लागू पडत नाही. सगळे ज्वालामुखी एका जातीचे नसतात. काही ज्वालामुखी प्रचंड स्फोट करून तप्त राख आणि वायूंचे लोट उतारावरून सोडतात आणि त्यांच्यापुढे पळायलाही अवधी मिळत नाही. पितों द ला फुर्नेझचा लाव्हा बेसाल्टचा, म्हणजे पातळ आणि वाहता असतो. मुखाजवळ तो वेगाने धावतो, पण वस्तीपर्यंत येईतो बहुधा इतका मंदावतो की माणूस पायी चालत त्याच्यापुढून निघून जाऊ शकतो. घर आणि शेत मात्र हलवता येत नाही, आणि गावाचे खरे दुःख तेथे आहे.

शिवाय १९७७ नंतर गाव नशिबावर सोडून दिलेले नाही. त्या उद्रेकामुळेच १९७९ मध्ये ज्वालामुखीवर कायम लक्ष ठेवणारी वेधशाळा स्थापन झाली. लाव्हा वर सरकू लागला की जमिनीखाली लहान लहान भूकंपांची मालिका सुरू होते आणि डोंगर किंचित फुगतो; ही चिन्हे उपकरणांत दिसताच प्रशासन सावधगिरीचे आदेश देते. खरे तर या किनाऱ्याला चक्रीवादळांचीही तितकीच धास्ती असते. जानेवारी १९६६ मध्ये याच ज्वालामुखीच्या उतारांवर चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो जागतिक विक्रम मानला जातो.

या पावसामुळे पूर्व किनाऱ्यावरील लाव्हाचा काळा खडक फार काळ उघडा राहत नाही. आधी करड्या रंगाचे दगडफूल धरते, मग नेचे उगवतात आणि हळूहळू झाडे मूळ धरतात. याच भागात ऊस आणि व्हॅनिला पिकतो. व्हॅनिलाच्या फुलांचे परागीकरण येथे हाताने करावे लागते. त्याची सोपी रीत १८४१ मध्ये याच बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण भारतातून ज्यांचे पूर्वज गुलाम किंवा करारबद्ध मजूर म्हणून येथे आणले गेले, त्यांच्या वंशजांसाठी या जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हे ओळखणे कठीण नाही.

प्रश्न : आपला दख्खनचा काळा पाषाण याच ज्वालामुखीतून आला, असे म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : तसे म्हणणे अचूक नाही. पितों द ला फुर्नेझचे वय सुमारे पाच लाख वर्षे आहे, तर दख्खनचा मुख्य लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मात्र भूगर्भातील उष्णतेचा जो स्रोत आज रियुनियनखाली आहे, त्याच्याच वर त्या काळी भारताचा भूपट्ट होता, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि लक्षद्वीप, मालदीव व मॉरिशस ही त्या स्रोताच्या मार्गावरची पुढची ठिकाणे ठरली.