ऋषिकेशला राफ्टिंगच्या वाटेवर कड्यावरून गंगेत उडी मारणं सुरक्षित आहे का? मला जेमतेम पोहता येतं.

राफ्ट जिथे थांबते त्याच ठरलेल्या खडकावरून, गाईड खाली पाण्यात हजर असताना आणि लाइफ जॅकेट घालून मारत असाल तर हो. रस्त्यावरून स्वतः उतरून, एकट्यादुकट्याने मारत असाल तर अजिबात नाही. कारण उंची फसवते. ५ मीटरवरून पडताना पाण्याला टेकेपर्यंत ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास वेग येतो, १० मीटरवरून ताशी ५०. या वेगाने पाठीवर किंवा पोटावर आपटलात तर पाणी फरशीसारखं लागतं. म्हणून पाय खाली, गुडघे किंचित सैल, हात छातीशी घट्ट. सूर मारायचाच नाही. जॅकेटचे पट्टे उडीआधी गाईडकडून ओढून घ्या. सैल जॅकेट पाण्यात शिरताच वर सरकून हनुवटीवर आदळतं. गंगेचं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, पहिला श्वास अडकतो, तेव्हा घाबरून धडपडू नका, जॅकेट वर आणतंच.

मात्र काल खोल होतं म्हणून आज असेलच असं नाही. वरच्या टिहरी धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर पातळी बदलते, त्यामुळे खडकावर ओल्या रेषेची खूण पाण्याच्या बरीच वर दिसली तर पातळी उतरली आहे असं समजा आणि गाईडला विचारल्याशिवाय कड्यावर चढूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंगच बंद असतं. तेव्हा कुणी ‘नेतो’ म्हणालं तरी जाऊ नका.